बाई, फोटो आडवा पाठवा

करोनाने बंद पडलेली शाळा पुन्हा सुरू करताय ना? मग आधी डोक्यातला एक गैरसमज काढून टाका. शाळेला मुलं लागतात, असं काही नाही. शाळेला लागतो चार्ज केलेला मोबाइल, त्यात रोजचा दीड जीबी डेटा आणि ‘निरंक’, म्हणजे ‘काही नाही’, हा शब्द न चुकता टाइप करणारा अंगठा. मुलं असली तर ठीक, फोटोत उभी करायला बरी पडतात.

मी बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर आहे. दुसरी-तिसरी माझ्याकडे, पहिली-चौथी आणि मुख्याध्यापकाचा चार्ज सरांकडे. मार्च 2020 मध्ये कुलूप लागलं, ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीसाठी ते 1 डिसेंबर 2021 ला निघालं, जानेवारी 2022 मध्ये पुन्हा लागलं आणि पुन्हा निघालं. दोनदा शाळा उघडलेली बाई म्हणून चार सल्ले द्यायला हरकत नसावी.

सर्वात आधी संमतीपत्रं गोळा करा. आमच्याकडचे निम्मे आई-बाप दिवाळीपासून ऊसतोडीच्या फडावर आहेत. कोयता कर्नाटकात आणि सही गावात हवी. अशा वेळी आजीचा अंगठा घ्या. आजी विचारील, ‘बाई, ह्याच्यावर किती पैशे भेटतेत?’ काही भेटत नाहीत म्हणून सांगा. मग ती कागद उलटा करून नीट बघते आणि अंगठा देते.

एका बाकावर एकच मूल बसवा. बाक नसतील तर बसायच्या पट्ट्यांमध्ये सहा-सहा फुटांवर खडूने गोल काढा. मधल्या सुट्टीत मुलं त्याच गोलांतून लंगडी घालतात. तेव्हाचा फोटो काढू नका.

थर्मल गनचे सेल स्वतःच्या पैशाने आणा. पावती जपून ठेवा. पैसे मागू नका.

आणि ती गन थंडीतून चालत आलेल्या पोराच्या कपाळावर धरली की 93 दाखवते, म्हणून घाबरू नका. वहीत 97.4 लिहा. सगळ्यांचं 97.4 मात्र लिहू नका, तपासणीला येणारे विस्तार अधिकारी हुशार असतात. मधूनमधून एखादं 97.8 टाकत जा.

शिकवण्याची फार चिंता करू नका. माझी दुसरीतली मुलं डिसेंबरात आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसली. पहिली त्यांनी घरीच पास केली. त्यांतला एक दोन दिवस मला ‘आत्या’ म्हणत होता. त्याच्यासाठीही ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही सरकारी अभ्यासमाला चालू होती म्हणे. टीव्हीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची, मोबाइलवर दीक्षा ॲपच्या लिंका यायच्या. ज्या घरातला एकुलता एक मोबाइल बापाबरोबर फडावर गेला, तिथे शिक्षण नेमकं कुठे चालू होतं, हे कुठल्याही लिंकमध्ये विचारलं नव्हतं. मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढणारा सेतू अभ्यासही झाला, चांगला 45 दिवसांचा. पूल बांधून झाला, फक्त त्यावरून चालायला पोरं नव्हती. आता तक्त्यावरचा ‘क’ दाखवला की एकसुरात ‘कमळ’ म्हणतात. फळ्यावर ‘कमळ’ लिहिलं की सगळी गप्प. पण पुस्तकं दुसरीची मिळाली आहेत, संच पूर्ण आहे, पोच दिली आहे.

आता मुख्य विषय. हात धुण्याचा फोटो कसा काढावा.

गेल्या गुरुवारी तिसरीतली एक पोरगी वाचायला बसली होती. पावणेदोन वर्षं शेळ्यांमागे होती ती. पहिलीत शिकलेलं सगळं धुऊन गेलेलं, आणि दोन महिने एकेक अक्षर परत आणत आम्ही इथवर आलो होतो. ओळीखाली बोट ठेवून चाललं होतं, आ-ई-ने, आईने, भा-क-र, भाकर, के... आणि माझा फोन वाजला, वरच्या साहेबांचा. ‘बाई, हँडवॉशचे फोटो नाही आले. केंद्रातल्या सगळ्या शाळांत तुमचीच बाकी आहे. साडेअकराच्या आत टाका.’

नळाला पाणी नव्हतं. बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलेलं, मोटार बंद, टाकी कोरडी. तरी पोरांना रांगेत उभं केलं. साबण नवा होता, फोटोत छान दिसतो. पोरं कोरड्या नळाखाली कोरडे हात चोळायला लागली. एकाने विचारलं, ‘बाई, फेस कुठंय?’ त्याला गप्प केलं आणि फोटो टाकला.

उत्तर आलं, ‘जिओ टॅग नाही.’ फोटोवर जागेची नोंद करणारं ॲप घ्यायला चिंचेखाली गेले, रेंज तिथेच येते. पोरं पुन्हा रांगेत. फोटो टाकला. ‘बाई, फोटो आडवा पाठवा, अहवालात उभा बसत नाही.’ पोरं पुन्हा रांगेत. आडवा टाकला. ‘दोघांचे मास्क नाकाखाली आहेत.’ मास्क वर केले, चौथ्यांदा फोटो काढला. त्यावर फक्त अंगठा आला. तोवर साडेबारा वाजून गेले होते. वर्गात आले तर पोरीने पुस्तक दप्तरात घालून ठेवलेलं. ‘बाई, तुम्हाला काम होतं ना,’ म्हणाली.

शुक्रवारी ती आली नाही. शेळ्यांचा फोटो कुणी मागत नाही.

जाऊ द्या, सल्ले पुरे झाले. सरळच बोलते. अहो साहेब, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? याच शिक्षकांना तुम्ही चेकपोस्टवर उभं केलं, रेशनच्या दुकानात बसवलं, ऑक्सिमीटर देऊन घरोघर फिरवलं. सगळं केलं आम्ही, कारण तेव्हा वर्गात मुलं नव्हती. आता आहेत. दहा ते पाच ती माझ्यासमोर असतात आणि तेवढ्याच वेळात तुमचं ‘तात्काळ’, ‘अतितात्काळ’ आणि ‘सबब चालणार नाही’ सुरू असतं. दोन महिन्यांत मी किती लिंका भरल्या हे मोजायचं सोडून दिलंय. त्यांतल्या एकीतही ‘किती मुलांना वाचता येतं’ हा रकाना नव्हता. पाण्याचं पत्र सरांनी दोनदा दिलंय, त्याला अजून कुणाचा अंगठासुद्धा आलेला नाही.

आणि आपण शिक्षकही काही कमी नाही. ग्रुपवर ‘सर्वप्रथम माहिती सादर’ म्हणून शाळेचं नाव आलं की आपल्याच अंगावर मूठभर मांस चढतं. चौथ्यांदा पोरांना कुणी उभं केलं? मीच ना? फोन कट करता आला असता मला. नाही केला.

सोमवारी सकाळी तिच्या घरी जाऊन आजीशी बोलले, पोरगी परत आलीय. तपासणीला या, जरूर या. गाडी चिंचेखाली लावा, पट्टीवर मांडी घालून बसा आणि तिला ‘केली’पर्यंत पोचू द्या. रजिस्टर नंतर बघू. तोवर फोन कपाटात राहील. माहिती निरंक.