खुलासा : पहिल्या-तिसऱ्या बेसवर रनर असताना थ्रो करायचाच नाही?

सॉफ्टबॉलमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर असताना पहिल्यावरचा दुसऱ्या बेसकडे पळाला, तर कॅचरने (होम प्लेटमागे बॉल झेलणाऱ्या खेळाडूने) बॉल हातातच ठेवावा आणि फसवा थ्रो नियमबाह्य असतो, असा संदेश फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

थ्रो न करणं म्हणजे दुसरा बेस फुकट देऊन टाकणं. पण होम प्लेटपासून (जिथे पोचल्यावर रन मिळतो) दुसरा बेस सुमारे ८५ फूट, तिसरा ६०; बॉल दुसऱ्याकडे जात असताना तिसऱ्यावरचा रनर होमकडे पळू शकतो. म्हणून शॉर्टस्टॉप किंवा सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसच्या दोन बाजूंचे क्षेत्ररक्षक) यांपैकी एकाने दुसरा बेस सांभाळायचा आणि दुसऱ्याने बेसच्या अलीकडे, थ्रोच्या रेषेत यायचं. तिसऱ्यावरचा रनर होमकडे सुटला की बॉल मध्येच पकडून थेट कॅचरकडे. तो जागचा हलला नाही, तर बॉल बेसपर्यंत जाऊ द्यायचा. नजर बॉलइतकीच त्या रनरवर हवी. सरावात हेच सर्वांत जास्त घोटवून घ्यायला हवं.

दुसऱ्या बेसकडे हात झटकून बॉल तिसऱ्यावर टाकणं कॅचरला पूर्ण मुभा आहे. बंदी आहे ती हातात बॉल नसताना टॅगचा (रनरला बॉलने स्पर्श करून आउट करण्याचा) आव आणण्यावर. ते ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे रनरला अडथळा, ठरतं.

दोन आउट असताना मात्र जपून. दुसऱ्या बेसजवळ टॅग होण्याआधी तिसऱ्यावरचा रनर होमला पोचला, तर रन धरला जातो.