ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणजे "चांगले" बॅक्टेरिया? कोणी सांगितलं?

मावशीनं फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलाय, दोन दिवसांनी तोच सोसायटीच्या ग्रुपवर पण आला. त्यात म्हणे रिपोर्टमध्ये ग्रॅम पॉझिटिव्ह आलं तर घाबरू नका, ते दह्यातले चांगले बॅक्टेरिया, निगेटिव्ह तेवढे घातक. शिवाय बॅक्टेरिया मायक्रोस्कोपखाली पाच मिनिटांत ओळखू येतात, कल्चरला, म्हणजे सॅम्पलमधले जंतू वाढवून बघायला, दोन-तीन दिवस लावतात ते बिल फुगवायला. आणि कल्चरच्या रिपोर्टमध्ये 'नो ग्रोथ' आलं की गोळ्या बंद करा. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय, काही वर्षं लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटी ओतल्यात, त्यामुळे गप्प बसवेना.

पहिलं. अहो पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हे रंगाचं नाव आहे, स्वभावाचं नाही! १८८४ साली हान्स क्रिस्टियन ग्रॅम नावाच्या डॅनिश डॉक्टरनं बर्लिनमध्ये न्यूमोनियानं गेलेल्यांच्या फुफ्फुसाचे तुकडे रंगवताना ही पद्धत काढली. आधी जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलनं धुवायचं. ज्या बॅक्टेरियांची पेशीभिंत जाड ते जांभळा रंग धरून ठेवतात, ते पॉझिटिव्ह, बाकीच्यांचा धुऊन जातो आणि आपण नंतर सॅफ्रानिन देतो त्यानं ते गुलाबी दिसतात, ते निगेटिव्ह. संपलं. आता दह्यातले लॅक्टोबॅसिलस पॉझिटिव्ह हे खरंय, पण धनुर्वात, घटसर्प, अँथ्रॅक्स यांचे बॅक्टेरिया पण पॉझिटिव्हच, त्यांचं काय करायचं? उलट हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठीत नायट्रोजन धरणारं रायझोबियम, जे शेतकरी पेरणीआधी बियाण्याला चोळतात, ते निगेटिव्ह. डॉक्टरला ही माहिती लागते कारण निगेटिव्हवाल्यांना बाहेरून एक जादा आवरण असतं आणि काही अँटिबायोटिक, उदाहरणार्थ व्हॅन्कोमायसिन, त्यातून आतच जात नाहीत.

दुसरं, पाच मिनिटांचं. स्लाइडवर आतड्यातला ई. कोलाय आणि टायफॉइडचा साल्मोनेला, दोन्ही गुलाबी काड्या, मी काय कोणीच नुसतं बघून सांगू शकणार नाही. मॅकॉन्की प्लेटवर (हिच्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घातलेली असते) लावले की मात्र ई. कोलाय लॅक्टोज खातो आणि कॉलनी गुलाबी होते, टायफॉइडवाला खात नाही, त्याची कॉलनी फिकट राहते. पण कॉलनी डोळ्याला दिसायला आधी वाढायला तर पाहिजे ना, ई. कोलाय चांगल्या खाद्यात साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो तरी प्लेट एक रात्र इन्क्युबेटरमध्ये ठेवावीच लागते, मग त्यातली सुटी कॉलनी उचलून कुठलं औषध चालतं ते बघायला आणखी एक रात्र. झाले दोन दिवस. टीबीचा जंतू तर दुप्पट व्हायलाच १५-२० तास घेतो, त्याची घन माध्यमावरची कल्चर आठ आठवडे ठेवतात. त्यात कसलं बिल फुगवणं!

(जाता जाता, प्लेटमधलं खाद्य जेलीसारखं घट्ट करणारं अगार म्हणजे आपलं चायनाग्रास. आधी जिलेटिन वापरायचे, ते ३७ डिग्रीला वितळून पाणी. टीबीचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या वाल्थर हेसेच्या बायकोनं, फॅनीनं, स्वयंपाकघरातला हा उपाय सुचवला. कॉखनं १८८२ च्या टीबीच्या पेपरात अगारचा उल्लेख केला, हिचं नाव नाही घेतलं. मला याचा दर वेळी राग येतो.)

तिसरं सगळ्यात डेंजर. 'नो ग्रोथ' म्हणजे या प्लेटवर, या हवेत, एवढ्या वेळात काही वाढलं नाही, एवढंच. कधीकधी खरंच काही नसतं. पण काही जंतूंना ऑक्सिजन चालत नाही, ते साध्या इन्क्युबेटरमध्ये येणारच नाहीत. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरनं १८७३ मध्ये पाहिला, तो आजतागायत कुठल्याच प्लेटवर वाढलेला नाही, उंदराच्या तळपायात नाहीतर आर्माडिलो नावाच्या कवचवाल्या प्राण्यात वाढवावा लागतो. आणि रोजचं कारण म्हणजे सॅम्पल द्यायच्या आधीच घेतलेली गोळी. आम्ही लघवीचं सॅम्पल घेताना विचारायचो, अँटिबायोटिक चालू आहे का, तर काका ठामपणे नाही म्हणायचे, आणि चिठ्ठी काढायला खिशात हात घातला की अर्धी संपलेली स्ट्रिप बाहेर यायची.