सदर इसम आणि एक काडतूस

परवा मी आयुष्यात पहिल्यांदा ‘सदर इसम’ झालो. त्याआधी 54 वर्षं नुसताच माणूस होतो, आणि ते बरं चाललं होतं.

झालं ते एवढंच. नागपूरला साडूंच्या मुलीचा साखरपुडा. निघायच्या आदल्या रात्री माझ्या बॅगेची चेन तुटली. बायकोनं माळ्यावरून तिच्या मामांची निळी बॅग काढली, धूळ झटकली आणि ‘चांगली दणकट आहे’ म्हणून माझे कपडे तिच्यात कोंबले. दणकट होती, प्रश्नच नाही. पुण्याच्या विमानतळावर ती यंत्रातून पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. पडद्यासमोरच्या जवानानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून एक एसटीचं तिकीट काढलं, एक तपकिरीची डबी काढली आणि शेवटी अंगठ्याएवढं लाल, पितळी बुडाचं बारा बोअरचं काडतूस काढून टेबलावर उभं केलं. पितळेवर हिरवट बुरशी आणि वर तपकिरीचा थर.

बायकोनं ते पाहिलं, मला पाहिलं, घड्याळ पाहिलं. “तुमचं होईल सावकाश,” ती म्हणाली. “मी पुढे होते. आहेर माझ्याकडे आहे.” आणि खरंच गेली हो! आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. विमान सुटायला चाळीस मिनिटं होती, तिनं निर्णय चार सेकंदांत घेतला.

मला बाहेरच्या चौकीत आणलं. पोलीस सभ्य होते हे आधीच सांगून टाकतो. चहासुद्धा दिला. हवालदारसाहेब म्हणाले, “काही नाही, पंचनामा करायचा, जबाब घ्यायचा, अर्ध्या तासाचं काम. दोन पंच मिळाले की झालं.” एक पंच लगेच मिळाला, शेजारच्या टपरीवरचा पोऱ्या. दुसरा आणायला शिपाई बाहेर गेला आणि काकांना घेऊन आला.

काकांचं वय पंचाहत्तरच्या आसपास, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. मुलीला बेंगळुरूच्या विमानात बसवून झालं होतं, तरी घरी गेले नव्हते. का, तर पार्किंगचे पैसे तासाचे घेतलेत आणि पंचवीस मिनिटं शिल्लक आहेत. “पैसे मोजलेत, सोडायचे कशाला?” ती पंचवीस मिनिटं त्यांनी माझ्यावर खर्च करायचं ठरवलं. पुढे लागलेल्या जादा पार्किंगचा हिशोब त्यांनी माझ्याकडेच मागितला, ते वेगळं.

हवालदारसाहेबांनी पंचनामा लिहून काढला आणि सहीसाठी पुढे सरकवला. पोऱ्यानं न वाचता सही ठोकली. काकांनी चष्मा बदलला.

“मी एकोणचाळीस वर्षं मुद्रितशोधक होतो,” ते म्हणाले. “शनिवार पेठेत. वाचल्याशिवाय सही केलेली नाही, लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा नाही.”

माझ्या पोटात गोळा आला तो तेव्हा. काडतूस सापडलं तेव्हासुद्धा आला नव्हता.

“‘सदर इसमाचे ताब्यातील निळे रंगाचे बॅगेचे बाहेरील कप्प्यात’,” काकांनी मोठ्यानं वाचलं. “इसमाच्या. रंगाच्या. बॅगेच्या. तीन ‘चे’ लागोपाठ. अहो, रेल्वेचे डबे आहेत का?”

“काका, खात्यात असंच लिहितात.”

“खातं चुकतं म्हणून मी चुकू?” लाल पेन बाहेर आलं. “आणि हे काय? ‘काडतुस’? तू दीर्घ. अकारान्त शब्दाचा उपान्त्य उकार दीर्घ असतो. काडतूस, पिस्तूल. सामान्यरूपात ह्रस्व होतो. काडतुसाचा, पिस्तुलाचा. सोपं आहे.”

“काका, अर्थ तोच राहतो ना?”

काकांनी पेन खाली ठेवलं. “ह्याच गावात एका अक्षरानं पेशवा गेला. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं. 1773. शनिवारवाड्यात. आणि तुम्ही मला अर्थ तोच राहतो सांगताय?”

यावर हवालदारसाहेबांनी काय बोलावं? माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. ज्याच्यावर गुन्हा दाखल होतोय त्यानं शुद्धलेखनात कुणाची बाजू घ्यावी, हे मला सुचेना.

इथे एक सांगायला हवं. 1 जुलै 2024 पासून जे नवे कायदे आले, त्यांत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय. त्यामुळे एक तरुण शिपाई हे सगळं मोबाइलवर टिपत होता. काकांना ते कळल्यावर त्यांनी केसांवरून हात फिरवला, खुर्ची उजेडाकडे सरकवली आणि आवाज चढवला. ऱ्हस्व-दीर्घाचं ते व्याख्यान आता माझ्याविरुद्धच्या पुराव्याचा भाग आहे.

“आता हे ‘जिवंत’,” काका कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. “‘एक जिवंत काडतूस मिळून आले.’ जिवंत कसं? श्वास घेतं का?”

“काका, उडालं नसेल तर जिवंत. उडालं की राहते ती पुंगळी.”

“म्हणजे जिवंतपणी नपुंसकलिंगी आणि मेल्यावर स्त्रीलिंगी?”

पोऱ्या हसला. मीही हसलो, आणि लगेच लक्षात आलं की कॅमेरा माझ्यावर आहे. आरोपी हसतोय. पश्चात्तापाचा लवलेश नाही.

“तरी शब्द चांगला आहे,” काका जरा निवळले. “पोर्तुगीजांचा. बटाटा, चावी, पगार, सगळे तिकडूनच आलेले.”

“पगार पण?” हवालदारसाहेब पहिल्यांदाच मनापासून बोलले. “तरीच वेळ लागतो.”

दरम्यान माझं विमान गेलं. चौकीच्या खिडकीतून दिसलं. त्यात खिडकीशेजारची सीट माझी होती, त्यावर आता बायकोनं आहेराची पिशवी ठेवली असणार.

काकांनी एकूण चौदा दुरुस्त्या केल्या. प्रत्येक खाडाखोडीशेजारी दोन्ही पंचांनी सही करायची असते, म्हणजे अठ्ठावीस सह्या. पोऱ्याचं टपरीवरचं दूध उतू गेलं असावं, कारण बाहेरून त्याच्या मालकाच्या हाका येत होत्या. मग काडतूस कापसात गुंडाळून चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवलं, डबी खाकी कागदात, त्यावर दोरा, दोऱ्यावर मेणबत्तीवर वितळवलेली लाख. लाख ठिबकताना काकांनी लेबल वाचलं. तिथेही ‘काडतुस’. डबी पुन्हा सोडली. पोऱ्या तोवर पळून गेला होता, त्याला टपरीवरून उचलून आणावं लागलं.

बॅगही मुद्देमालात गेली. माझे कपडे एका कॅरीबॅगमध्ये भरून माझ्या हातात दिले, सगळ्यात वर बनियन. सोबत तपासाला बोलावू तेव्हा हजर राहण्याची नोटीस. मी बँकेत होतो, लोकांना नोटिसा मी पाठवायचो.

रात्री बायकोचा नागपूरहून फोन. साखरपुडा उद्या आहे, मला यायला जमलं नाही तरी चालेल, आणि मुख्य म्हणजे, “मामांना काही बोलू नका. त्यांना बीपी आहे.” मला काय आहे ते तिनं विचारलं नाही.

मामांचा फोन मात्र स्वतःहून आला. मामा भोरकडे शेती करतात आणि त्यांच्याकडे वडिलांपासूनची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. रानडुकरं एका रात्रीत भुईमुगाचं वावर नांगरल्यासारखं करतात. मी सगळं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता.

“अरे, ते तिथं होतं होय!” मामा म्हणाले. “दोन वर्षं शोधतोय. एक कमी भरत होतं.”

माफी नाही, काही नाही. उलट ते परत कधी मिळेल ही चौकशी, कारण नूतनीकरणाला हिशोब द्यावा लागतो. मग अर्धा तास त्यांचंच. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली ते एक बरं झालं, पण प्रत्येक निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करा. लोकसभा, विधानसभा, मग जिल्हा परिषद. “डुकरांना आचारसंहिता लागू नाही ना, जावईबापू!”

शिवाजीनगर कोर्टाजवळचे वकील मित्राच्या ओळखीचे निघाले. ओळखीचे म्हणजे फी तीच, पण चहा त्यांचा. त्यांनी त्याच शस्त्र कायद्याचं कलम 25 उघडून दाखवलं. विनापरवाना दारूगोळा बाळगल्यास किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. पूर्वी एक ते तीन होती, तीही 2019 लाच वाढली. मी पाणी मागितलं.

“घाबरू नका,” वकील म्हणाले. “ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. सर्वोच्च न्यायालयानं 1972 सालीच गुणवंतलालच्या खटल्यात सांगितलंय. 1994 ला संजय दत्तच्या प्रकरणात घटनापीठानंही तेच. बॅगेत काडतूस होतं हे तुम्हाला माहीत नव्हतं, जवळ बंदूक नव्हती, कुणाला इजा करायचा हेतू नव्हता. अशा प्रकरणांत उच्च न्यायालयांनी गुन्हे रद्द केलेत. शिवाय खटला चालवायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. काडतूस खरंच जिवंत आहे का, ते प्रयोगशाळा ठरवेल.”

म्हणजे काकांची शंका अगदीच वाया जाणारी नव्हती. हे मी त्यांना कधीही कळू देणार नाही.

थोडक्यात, मला काही माहीत नसतं हे सिद्ध करायचंय. साक्षीदार घरातच आहे, अठ्ठावीस वर्षं हेच सांगतेय. पण सिद्ध करायचं मुंबईला. कोल्हापूरला ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सगळ्यांची सोय झाली. पुणेकरानं मात्र पहाटे उठून मुंबईलाच जायचं. वर्षानुवर्षं खंडपीठ मागतोय, मिळतायत ते उड्डाणपूल. हे मी वकिलांना तावातावानं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुंबईच्या सीनियरची फी सांगितली. तो आकडा इथे लिहीत नाही, बायको वाचते. एवढंच सांगतो की त्या पैशांत नागपूरला सबंध वऱ्हाड विमानानं गेलं असतं, आणि माझा यात दोष काय, तर चेन तुटली.

परतताना रिक्षा येरवड्यावरून आली. संजय दत्तांनी आतमध्ये कागदी पिशव्या केल्या असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. माझंही पिशवीवरूनच सुरू झालं होतं, म्हणून मी दुसऱ्या बाजूला बघत बसलो.

वकिलांना पंचनाम्याची प्रत दाखवली. चौदा लाल दुरुस्त्या पाहून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हा पंच साक्षीला उभा राहिला तर उलटतपासणी मी घेणार नाही. ज्युनिअरला पाठवीन.” मी प्रत पुन्हा वाचली. काकांनी सगळं तपासलं होतं, फक्त माझं आडनाव चुकलेलं तसंच होतं.

काल मामांचा पुन्हा फोन. काशीला निघालेत, बॅग हवी आहे. मी म्हटलं, मामा, ती मुद्देमालात आहे, सोडवायला कोर्टात अर्ज करावा लागेल.

“मग कर की,” मामा म्हणाले. “मी रेल्वेनं जाणार आहे. तिथं एवढं बघत नाहीत.”