न पाहिलेल्या कन्सोलविषयी ठाम मत कसे बनवावे

नवा हायब्रिड कन्सोल, म्हणजे घरी आणि बाहेरही चालणारे व्हिडिओ गेमचे यंत्र, जाहीर झाला की सामान्य माणूस आधी ट्रेलर पाहतो आणि मग मत बनवतो. ही पद्धत फार वेळखाऊ आहे आणि मुरलेल्या गेमरला ती शोभत नाही. टीव्हीला जोडता येईल आणि उचलून बाहेरही नेता येईल असे काहीतरी येत आहे, एवढी कुणकुण लागली की त्याच रात्री आपले मत तयार असले पाहिजे. ट्रेलर हा त्या मताला पुरावे जमवण्यासाठी असतो. शितावरून भाताची परीक्षा करणे हा मागच्या पिढीचा संयम झाला. आपण धूर दिसताच भात करपल्याचे जाहीर करून मोकळे व्हावे.

सरावासाठी २० ऑक्टोबर २०१६ हा दिवस घ्यावा. तोवर केवळ ‘एनएक्स’ या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्राचे नाव ‘स्विच’ असल्याचे निन्टेन्डोने त्या दिवशी सांगितले आणि साधारण साडेतीन मिनिटांची चित्रफीत दाखवली. तिच्यात किंमत नव्हती, बॅटरी किती टिकते ते नव्हते, पडद्याला स्पर्श समजतो की नाही हेसुद्धा नव्हते. विक्री मार्च २०१७ मध्ये, एवढाच काय तो तपशील. एखाद्या नवशिक्याने यावरून ‘अजून काही सांगता येत नाही’ असा निष्कर्ष काढला असता. आपण त्या मोहात पडू नये. माहिती जितकी कमी, तितकी मताला हातपाय पसरायला जागा अधिक, हे ध्यानात ठेवून पहिला अभिप्राय चित्रफीत संपण्याच्या आत लिहावा.

यंत्राकडे पाहण्यापूर्वी ते वापरणाऱ्या माणसांकडे पाहावे, कारण यंत्राविषयी आपल्याला काही ठाऊक नसले तरी माणसांविषयी तुच्छता बाळगायला ज्ञान लागत नाही. त्या चित्रफितीत एकजण घरात झेल्डा खेळता खेळता तोच खेळ हातात घेऊन कुत्र्याला फिरवायला नेतो, दुसरा विमानात पडदा टेकवून खेळतो, काही मित्र बास्केटबॉलच्या मैदानावर बास्केटबॉल सोडून बास्केटबॉलचाच खेळ पडद्यावर खेळतात, आणि एक तरुणी खिडकीतून मित्रमंडळी दिसताच कन्सोल उचलून थेट गच्चीवरच्या पार्टीला जाते. या तरुणीवर आपण विशेष लक्ष केंद्रित करावे. ‘पार्टीला कन्सोल कोण घेऊन जातो?’ हा प्रश्न चिरेबंदी आहे. आपल्याला गच्चीवरच्या पार्टीचे निमंत्रण शेवटचे कधी आले होते, हा उपप्रश्न कोणी काढलाच तर तो विषयांतर म्हणून फेटाळून लावावा.

विमानातला माणूस खेळत होता तो खेळ होता स्कायरिम. तो बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीने तो स्विचवर येणार असल्याचे तेव्हा स्पष्टपणे कबूल केले नव्हते. अशा वेळी ‘ही निव्वळ बनावट आहे’ असे ठणकावून सांगावे. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये तो खेळ स्विचवर खरोखरच आला, तेव्हा ‘इतका जुना खेळ आता कोणाला हवा आहे?’ असे विचारावे. दोन्ही विधाने एकाच माणसाने करण्यास कोणतीही आडकाठी नाही.

यानंतर तांत्रिक बाजू. येथे यंत्राची ताकद मोजणारा ‘टेराफ्लॉप’ हा शब्द कामास येतो. त्याचा अर्थ माहीत असण्याची अट नाही, तो खेदाने उच्चारला की पुरे. चिप पुरवणाऱ्या एनव्हिडियाने त्याच दिवशी सांगितले की आतला प्रोसेसर टेग्रा घराण्यातला असून त्यामागे ५०० मनुष्य-वर्षांचे श्रम आहेत. यावर ‘एवढ्या श्रमांत प्लेस्टेशन ४ ची बरोबरीसुद्धा साधली नाही’ असे म्हणावे. प्लेस्टेशन ४ भिंतीतल्या सॉकेटमधून वीज ओढतो आणि त्याला कोणी कुत्र्याबरोबर फिरायला नेत नाही, ही बाब तुलनेत आणू नये. मुळात हायब्रिडकडून आपल्या अपेक्षा माफकच असतात: ते हलके असावे, पातळ असावे, ताकदवान असावे, दिवसभर चालावे, तापू नये आणि स्वस्त असावे. ताकद वाढवली की उष्णता वाढते, उष्णता वाढली की पंखा लागतो, बॅटरी मोठी केली की वजन वाढते, आणि या सगळ्याचे पैसे अखेर कोणीतरी मोजतो. या सहा मागण्यांपैकी कोणत्याही तीन एका खोलीत सोडल्या तर त्या एकमेकींचा गळा धरतात. परंतु ती अभियंत्यांची डोकेदुखी आहे, आपण ग्राहक आहोत.

याच टप्प्यावर डॉकविषयी एक आशा मनात रुजवून ठेवावी. कन्सोल ज्या खोबणीत बसतो त्या डॉकमध्ये आणखी एखादी चिप दडवलेली असणार, असे २०१६ च्या त्या दिवसांत कितीतरी जण मनापासून मानत होते. प्रत्यक्षात डॉकचे काम टीव्हीकडे चित्र पाठवणे आणि यंत्राला वीज पुरवणे एवढेच निघाले. भरपूर वीज मिळाल्यामुळे तीच चिप अधिक वेगाने चालते, इतकीच त्यातली करामत. असे झाले की आपण फसवले गेलो असे म्हणावे. आपल्याला कोणी वचन दिले नव्हते, याने फसवणुकीची तीव्रता कमी होत नाही.

मी स्वतः, आता कबूल करायला हरकत नाही, त्या रात्री पडद्याभोवतीच्या काळ्या चौकटीची रुंदी पट्टीने मोजली होती, आणि तीही मोबाइलवर थांबवलेल्या चित्रात. जी रुंदी निघाली ती मला अक्षम्य वाटली होती.

मत देताना आपण कोणत्या गोटातले आहोत हे आधी ठरवावे. आपण टीव्हीसमोर बसणारे असाल, तर हे यंत्र फार दुबळे आहे. आपण खिशातले हँडहेल्ड वापरणारे असाल, तर ते फार मोठे आहे. एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण दोन्ही गोटांना चालते, आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही मंडळी तिच्याखाली सुखाने एकत्र येतात. जोडीला निन्टेन्डोच्याच आधीच्या कन्सोलचे, वी यू चे, उदाहरण तयार ठेवावे. तोही टॅब्लेटसारखा पडदा हातात देत होता, २०१२ मध्ये आला आणि अवघा १ कोटी ३५ लाखांच्या आसपास खपून मावळला. त्याचा पडदा मूळ यंत्रापासून फार दूर नेताच येत नव्हता आणि स्विच नेमकी तीच अडचण दूर करत होता, हा फरक सूक्ष्म असल्यामुळे दुर्लक्षणीय आहे.

इतिहासात याहून मागे मात्र जाऊ नये, कारण तिथे निन्टेन्डोचा हातात धरायचा गेम बॉय उभा आहे. १९८९ चे ते हिरवट, एकरंगी पडद्याचे यंत्र चार पेन्सिल सेलवर तासन्‌तास चालत असे, तर त्याचा रंगीत पडद्याचा प्रतिस्पर्धी गेम गिअर सहा सेल काही तासांत संपवून टाकत असे. दोघांमधल्या कोणाचा पडदा सुंदर होता आणि कोणते यंत्र जगले, ही माहिती आपल्या टेराफ्लॉपच्या मुद्द्याला अपायकारक आहे.

आकाराकडे वळू. दोन जॉय-कॉन, म्हणजे पडद्याच्या दोन बाजूंचे सुटे होणारे नियंत्रक, मधल्या ग्रिपमध्ये बसवले की ते कुत्र्याच्या तोंडासारखे दिसतात, हे त्या आठवड्यातले सर्वांत अचूक निरीक्षण होते आणि त्याचे श्रेय आपल्यालाच जाते. जॉय-कॉन आडवा धरला तर मोठ्या माणसाच्या हातात तो हरवतो, हेही आपण बरोबर हेरले. मात्र जॉय-कॉनची खरी व्याधी, म्हणजे कोणी हात न लावता खेळातले पात्र आपल्याच मर्जीने एका बाजूला सरकू लागणे, तिचा उच्चार पहिल्या दिवशी एकाच्याही तोंडून झाला नाही. ‘ड्रिफ्ट’ने पुढे एवढा छळ मांडला की २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त केली. चौकटीची रुंदी मोजण्यात गुंतलेल्या माणसाला जॉय-कॉनवरच्या दिशा देणाऱ्या काठीचा डगमगाट कसा दिसावा?

किंमत कळल्यानंतरचा संताप वेगळा राखून ठेवावा. १३ जानेवारी २०१७ रोजी टोकियोतल्या कार्यक्रमात उरलेले तपशील आले: ६.२ इंची पडदा, ३२ जीबी साठवण, बॅटरी अडीच ते सहा तास, किंमत २९९.९९ डॉलर. त्या दिवशी कंपनीचा शेअर पाच टक्क्यांहून अधिक घसरला, म्हणजे गुंतवणूकदारही आपल्यासारखेच द्रष्टे निघाले. पुढे हा कन्सोल १५ कोटींहून अधिक खपला. याला दूरदृष्टीचा अभाव म्हणू नये. लोकांची अभिरुची आपल्या अपेक्षेपेक्षा वेगाने घसरली, असे म्हणावे.

एकदा हे तंत्र साधले की ते कोणत्याही नव्या यंत्राला लागू करता येते. १६ जानेवारी २०२५ रोजी स्विच २ दाखवण्यात आला. २०१६ मध्ये ‘हे भलतेच विचित्र आहे’ अशी तक्रार करणाऱ्यांना आता ‘यात विचित्र असे काहीच नाही’ ही तक्रार करण्याची संधी मिळाली, आणि तिचे त्यांनी सोने केले. उजव्या जॉय-कॉनवर एक अनोळखी ‘सी’ बटण दिसत होते. त्यावर अडीच महिने भाष्ये रचली गेली, आणि अखेर ते मित्रांशी गप्पा मारण्यासाठी असल्याचे निष्पन्न झाले, जे कोणत्याही भाष्यापेक्षा फारच मिळमिळीत होते.

एप्रिलमध्ये किंमत कळली: ४४९.९९ डॉलर, आणि मारिओ कार्ट वर्ल्डसाठी ७९.९९. मग कंपनीच्या थेट प्रक्षेपणाखाली ‘किंमत कमी करा’ या मागणीच्या ओळी मोठ्या अक्षरांत अखंड वाहू लागल्या. ५ जूनला विक्री सुरू झाली आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून अधिक यंत्रे खपली. आपणही मागणीची ओळ अशीच न थकता पाठवत राहावी. फक्त शेजारच्या खिडकीत आगाऊ नोंदणीचे पान उघडे ठेवावे आणि कार्डाचा क्रमांक आधीच भरून ठेवावा, कारण साठा संपायला फार वेळ लागत नाही आणि दोन्ही कामे एका हाताने करायची असतात.