वाटीभर इपॉक्सी

खालचे काका महिन्याभरात तिसऱ्यांदा वर आले आणि या वेळी चहा पण नको म्हणाले, तेव्हाच कळलं की प्रकरण गंभीर आहे. त्यांच्या बाथरूमच्या स्लॅबला ओल आलेली, आणि पाणी अर्थातच आमचं.

वाकून बघितलं तर आमच्या बाथरूममधल्या टाइल्सचे जॉइंट पार खाल्लेले, काडेपेटीची काडी आरामात आत जाईल इतके. खाल्ले कोणी, तर मीच. दर दिवाळीला हौसेने ॲसिड ओतून फरशी लख्ख करायचो ना! क्षारांबरोबर ॲसिड जॉइंटमधलं व्हाइट सिमेंट पण खातं हे ज्ञान हार्डवेअरवाल्याने आत्ता दिलं, ते पण चार गिऱ्हाइकांसमोर.

मिस्त्री म्हणाला सगळी फरशी उखडायला लागेल. आकडा ऐकून मी म्हटलं इपॉक्सी आणा, म्हणजे जॉइंटमध्ये भरायचा तो कालवल्यावर कडक होणारा मसाला, मीच भरतो. रविवारची अख्खी सकाळ पटाशीने जुने जॉइंट उकरण्यात गेली आणि उठताना गुडघ्यांनी जो आवाज काढला तो हॉलमध्ये ऐकू गेला म्हणे.

मग इपॉक्सीचे तीन भाग: रेझिन, हार्डनर, पावडर. पाकिटावर लिहिलेलं थोडं थोडं कालवा, पण आमच्या घराण्यात थोडं कालवत नाहीत. सगळं एकदम ओतलं, हाताला लागली त्या वाटीत, आणि ती नेमकी बायकोच्या माहेरची निघाली, नाव घातलेली. दोन ओळी भरतोय तोवर वाटी गरम लागायला लागली. रेझिन-हार्डनरची रिॲक्शन उष्णता सोडते आणि गोळा जेवढा मोठा तेवढी ती भडकते, हे मला वाटीनेच शिकवलं. थोड्या वेळात चमचा मधोमध ताठ उभा. तो अजून तसाच आहे, शोकेसमध्ये ठेवू का असं बायकोने दोनदा विचारलंय.

दुसरं पाकीट आणून, पुठ्ठ्यावर चमचा चमचा कालवून काम एकदाचं संपवलं. आता 24 तास पाणी लावायचं नाही, म्हणून बाथरूमला कडी घातली आणि सोमवारी सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून, जड मनाने, आंघोळीला काकांकडेच गेलो. दुसरं कोण देणार?

तोंडाला साबण, डोळे मिटलेले, आणि टाळूवर टप्पकन थेंब पडला. गार. परत एक. वर आमचं बाथरूम कालपासून कोरडं ठणठणीत, कडीला मीच हात लावलेला, मग हे पाणी येतंय कुठून, भिंतीतल्या पाइपातून?

बाहेरून काकांचा आवाज आला, "पडला का हो?"