आवडीनिवडी विचारल्याने वृद्धाश्रमाचं काम अडत नाही

“वृद्धाश्रम म्हणजे हॉटेल नव्हे. चाळीस जणांच्या आवडी सांभाळत बसलं तर मावश्यांचं काम उरकणार कधी? स्मृतिभ्रंश झालेल्यांना कुठे काय कळतं? मधुमेही मागतील ते द्यायचं का? आणि मुळात कुणाची तक्रार तरी असते का?” अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. वाचणाऱ्याला तो पटतो, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं.

आधी वेळेचं बघू. सगळ्यांची अंघोळ सकाळी सहा ते नऊमध्येच, असा नियम केला की गर्दी आपणच ओढवून घेतो. समजा, रहिवासी ४०, मावश्या ४, माणशी १५ मिनिटं. एकीच्या वाट्याला १० जण, म्हणजे अडीच तास, तेही कुणी अडून बसलं नाही तर. त्यातले १२ जण स्वतःच्या पसंतीने दुपारी किंवा संध्याकाळी गेले, तर सकाळचं काम पावणेदोन तासांवर येतं. एवढं वेळापत्रक हलवायला जादा माणूस लागत नाही.

खरा वेळ खातो तो विरोध. अंगावरचे सगळे कपडे एकदम काढले, पहिला तांब्या थेट डोक्यावर ओतला, की घाबरलेला माणूस हात उगारतो. मग दुसरी मावशी बोलवावी लागते. अमेरिकेत फिलिप स्लोन आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशांवर केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. व्यक्तीच्या कलाने शॉवर दिल्यावर आक्रमक प्रसंग ५३ टक्क्यांनी घटले, टॉवेल-स्नानाने ६० टक्क्यांनी. शॉवरला सरासरी ३.३ मिनिटं जास्त लागली. टॉवेल-स्नानाचा वेळ लक्षणीय वाढला नाही. स्वच्छतेतही उणीव आली नाही.

टॉवेल-स्नान अवघड नाही. सुमारे २ लिटर गरम पाण्यात न धुता चालणारा साबण मिसळायचा, त्यात मोठा टॉवेल भिजवून पिळायचा आणि आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. अंगावरची चादर खाली सरकवत तो वरून पसरायचा आणि टॉवेलवरूनच हलक्या हाताने चोळायचं. माणूस क्षणभरही उघडा पडत नाही. फसतं कुठे? टॉवेल गार होईपर्यंत मावशी बोलत उभी राहते, किंवा पंखा बंद करायचा राहतो.

“त्यांना काय कळतं” याचं उत्तरही इथेच आहे. शब्द गेले तरी नापसंती उरते: तोंड फिरवणं, हात झटकणं, चमचा ओठांनी अडवणं. “काय नेसायचं?” असं विचारू नका, दोन साड्या समोर धरून “ही की ती?” विचारा. हात झटकला तर थांबा, १५-२० मिनिटांनी परत या.

पथ्याचा मुद्दा निष्काळजीपणे सोडवता येणार नाही, हे मान्य. पण बंदी धोका वाढवते. एकादशीला “उपास नाही म्हणजे नाही” असं बजावलं की ताट गुपचूप परत जातं, इन्सुलिन मात्र टोचलेलं असतं आणि साखर झपकन उतरते. उपास आदल्या दिवशीच डॉक्टरांना कळवून डोस ठरवून घ्या. साबुदाणा साखर चटकन वाढवतो. त्याऐवजी मोजकी भगर आणि दाण्याची आमटी द्या. गिळायला त्रास असेल तर चहा बंद करण्याआधी तो घट्ट करून चालेल का, हे तपासून घ्या.

राहिली तक्रार. “काही हवं का?” म्हटलं की “काही नको” हेच उत्तर येतं, परावलंबी माणसाला भीड असते. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये २०१० पासून ठरावीक प्रश्न थेट रहिवाशालाच विचारतात: कपडे स्वतः निवडणं, झोपायची वेळ, अंघोळीची पद्धत, मधल्या वेळचं खाणं, हे तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? आपल्याकडे माहिती बहुधा मुलगा भरतो, तीही दहा वर्षांपूर्वीच्या आईची. म्हणून त्यांनाच विचारा: चहा अंघोळीआधी की नंतर? बादली की शॉवर? डोक्यावरून घ्यायची का? मदतीला बाईच हवी का? रात्री दिवा चालू ठेवायचा का? उत्तरं ऑफिसातल्या फाइलमध्ये पुरू नका, नाइट ड्युटीची नवी मावशी तिथवर पोचत नाही. कपाटाच्या दाराला आतून कागद लावा. दर तीन महिन्यांनी आणि इस्पितळातून परत आल्यावर पुन्हा विचारा.

काही मागण्या पुरवता येणार नाहीत. रात्री एकच मावशी असताना अंघोळ घालणं म्हणजे पडण्याचा धोका. तेव्हा कारण त्यांना समोर बसून सांगा, रात्री गरम पाण्याने पाय पुसून देणं चालेल का विचारा, आणि काय ठरलं तेही त्याच कागदावर लिहा.