वजा चालेना

आमच्या वाजवायच्या कीबोर्डवर ट्रान्सपोजची, म्हणजे पट्टी बदलायची, दोन बटणं आहेत, एक अधिकचं आणि एक वजाचं. त्यातलं अधिकचं चालायचं, वजाचं चालायचं नाही. दुखणं एवढंच. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठं, दुसरं काहीतरी दाबा. त्यांच्यासाठी एक कबुली देऊन टाकतो: मला फक्त पांढरी एकमध्ये, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, वाजवता येतं. लहानपणी मास्तरांनी पांढरी एक शिकवली, पुढच्या महिन्यात फी वाढवली आणि वडिलांनी माझं संगीतशिक्षण पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. गाणारी माणसं मात्र काळी एक, काळी चार अशा आपापल्या पट्ट्या घेऊन येतात. बटण दाबून आकडा बदलायचा, बोटं पांढरी एकवरच फिरवायची, आणि स्वर बाहेर पडतो तो गाणाऱ्याच्या पट्टीतला. थोडक्यात, लोक ज्याला माझा हात म्हणतात तो निम्मा त्या दोन बटणांत आहे.

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत दर गुरुवारी भजन असतं. तिसऱ्या मजल्यावरचे आबा काळी एकमध्ये गातात, म्हणजे अधिक १. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू काळी चारमध्ये, म्हणजे वजा ४. त्या गुरुवारी आबांचा अभंग संपला, काकूंनी घसा साफ केला आणि मी वजा दाबलं. टिक असा आवाज आला. आकडा होता तिथेच. पुन्हा दाबलं, टिक. अंगठ्याने दाबलं, नखाने दाबलं, मनोभावे दाबलं. टिक, टिक, टिक. सप्तकात अशा बारा पायऱ्या, त्यामुळे आता काळी चार गाठायची तर एकच वाट उरली होती, वरून वळसा घालून अधिक ८ वर जायचं. गेलो. पण अधिकचं बटणही म्हातारं झालेलं, मधूनच एका दाबात दोन पायऱ्या चढायचं. थांबलो तो ९ वर, म्हणजे पांढरी सहा. शिवाय बासरीचा टोन सप्तकभर वर गेल्यामुळे कुकरची शिट्टी झाल्यासारखा वाजायला लागला. काकू मोठ्या धीराच्या. मान वर, भुवया वर, आणि शेवटी टाचाही वर करून त्यांनी अभंग पार पाडला. तबलेवाल्याने तबला अर्ध्या स्वराने चढवायला हातोडी उचलली, ती माझ्याकडे बघत.

पुढे परत आबा. आता उतरायचं कसं? माहितीपुस्तिकेत लिहिलं आहे की दोन्ही बटणं एकदम दाबली की आकडा शून्यावर येतो. म्हणजे जिना बंद आहे म्हणून लिफ्टकडे जावं, तर लिफ्टचं बटणही त्याच जिन्यात. शेवटी मी कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू केला. स्पीकरमधून 'ढप्प' असा आवाज आला आणि डोळे मिटून बसलेले दोन ज्येष्ठ नागरिक 'काय पडलं?' म्हणत उठून उभे राहिले.

अधिकृत दुरुस्ती केंद्रात जाऊन आलो, ते एका वाक्यात संपतं: 'या मॉडेलचं पॅनल बोर्ड आता येत नाही, नवीन घ्या.' कीबोर्ड २००७ सालचा आहे. त्यानंतर घरात दोन फ्रिज आणि एक जावई आला, त्या मानाने हा तरणाच म्हणायचा.

मग घरगुती उपचार. फुंकर मारून झाली. 'आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा,' असं कुणीतरी सांगितलं. अल्कोहोल हा शब्द ऐकल्यावर मला एकदम २०२० सालापासून जिन्याखाली पडलेला सोसायटीचा सॅनिटायझरचा कॅन आठवला. बाटलीच्या बुचात थोडं घेऊन बटणाच्या फटीत सोडलं. सॅनिटायझरमध्ये हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घालतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हात मऊ राहत असतील, पण बटण चिकट झालं. आता ते खाली जायचं ते विचार करत वर यायचं, आणि 'टिक'ऐवजी 'चिक' असा आवाज यायला लागला.

म्हणून उघडायचं ठरवलं. डायनिंग टेबलावर चादर अंथरली, कीबोर्ड पालथा घातला. स्क्रू निघाले ३१, चार वेगवेगळ्या मापांचे. वाट्या शोधत होतो तेवढ्यात धुऊन ठेवलेला मिसळणाचा डबा दिसला. देवानेच दिल्यासारखा. लांब स्क्रू मोहरीच्या वाटीत, आखूड हिंगाच्या. बायको एकदाच येऊन बघून गेली. 'अहो, जोडताना फोडणीला घालू नका म्हणजे झालं,' एवढंच म्हणाली.

आतलं दृश्य मात्र बघण्यासारखं होतं. वाजवायच्या पट्ट्यांखाली रबराच्या लांब गाद्या असतात आणि त्यांच्या पोटाला कार्बनच्या काळ्या टिकल्या. माझी बटणं त्या जातीची नव्हती. पॅनलवरच्या टोप्यांखाली हिरव्या बोर्डावर इवले इवले चौकोनी स्विच बसवलेले, प्रत्येकाला चार पाय आणि मधोमध काळं बोंड. याला टॅक्ट स्विच म्हणतात. आत धातूची एक बारीक वाटी उपडी घातलेली असते. दाबली की ती खोलगट होऊन खालच्या संपर्कांना टेकते, सोडली की परत फुगते. 'टिक' हा त्या वाटीचा आवाज. वाटीवर गंज किंवा मळ चढला की टिक तर होतं, पण वीज पलीकडे जात नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीतही असे दोघे-तिघे आहेत.

पट्टीने मोजलं: ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटर. वनाजला मेट्रोत बसलो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलली आणि मंडईला उतरलो. स्वारगेटकडचा हा भुयारी टप्पा २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाला, तेव्हापासून बुधवार पेठेत जाण्यातलं पार्किंगचं पाप टळलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत साडेबाराला पोचलो. दुपारी एक ते चार या विषयावर मला काही बोलायचं नाही, फक्त साडेबाराला पोचलो होतो हे नोंदवून ठेवतो.

'टॅक्ट स्विच आहे का, सहा बाय सहा?'

'उंची?' दुकानदार मोबाइलमधून मान न काढता म्हणाला.

'साधारण...'

'साधारण उंचीचा स्विच अजून निघालेला नाही. नमुना आणलाय?'

'नाही, फोटो आणलाय.'

'फोटोत उंची दिसत नाही.' हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की मला शाळेतले भूमितीचे सर आठवले. त्याने चार पुड्या पुढ्यात मांडल्या. ४.३, ५, ६, ७ मिलिमीटर. बोंडाच्या उंचीत नखाएवढा फरक. मी डोळे मिटून आतलं दृश्य आठवलं आणि पाचवर बोट ठेवलं. सुटा एक मिळत नाही, दहा घ्यावे लागतात. दहांचे तीस रुपये. त्याने पाचशेच्या नोटेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्याने क्यूआर कोड शोधला.

रात्री भाच्याची सोल्डरिंग गन आणली. जुना स्विच उपटायला दीड तास लागला. एका पायाचं कथील वितळवावं तोवर दुसऱ्याचं गोठायचं. नवा बसवायला गेलो तर चार पाय भोकांत जाईनात. दोन बाजूंना साडेसहा मिलिमीटरचं अंतर, उरलेल्या दोन बाजूंना साडेचार. म्हणजे स्विच सरळ धरला तर आपोआप बसतो. मी आडवा धरला होता. पण रात्री साडेअकराला माणसाला असं वाटत नाही की आपण आडवा धरलाय. त्याला वाटतं स्विच सदोष आहे. पक्कडीने पाय वाकवले आणि बसवलाच. कथलाचे डाग अगदी चकचकीत दिले. बायकोला उठवून आणलं, कीबोर्ड चालू केला.

आकडा शून्य होता. मग वजा १ झाला. मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. मग वजा २, वजा ३, आणि तिथून पाण्याच्या टाकीला भोक पडल्यासारखा भराभर वजा १२ पर्यंत. अधिक दाबून वर ओढावं तर पुन्हा घरंगळत खाली. तीन महिने खाली उतरायला तयार नसलेलं यंत्र आता पाताळात जाऊन बसलं. 'चालायला लागलं की,' बायको म्हणाली आणि झोपायला गेली.

सदाशिव पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर रेडिओ दुरुस्त करणारे एक आजोबा बसतात. दारावर पाटी: 'आधी स्वतः उघडलेल्या वस्तूंचा आकार वेगळा पडेल.' माझा कीबोर्ड बघताच त्यांनी मान नुसती पाटीकडे वळवली.

'चार पायांत दोन-दोन आतूनच जोडलेले असतात,' मीटरच्या पिना टेकवून त्यांनी 'पीं' असा आवाज काढून दाखवला. 'तुम्ही आडवा घातलात. म्हणजे न दाबताच कायम दाबलेला. आणि हे चिकट काय आहे?'

मी सॅनिटायझरचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोलले काही नाहीत, पण आकार तिथे वाढला असावा.

कथील शोषणारा पंप ओढून त्यांनी माझे चकचकीत डाग मिनिटात उपटले, माझ्याच पुडीतला दुसरा स्विच सरळ बसवला. 'असे स्विच साधारण १ लाख दाबांचे असतात,' ते म्हणाले. मी मनात हिशोब केला: १८ वर्षं, म्हणजे रोज पंधरा दाब. काकूंच्या नुसत्या तयारीतच तेवढे व्हायचे. 'अधिकचंही बदलून टाकू का? बोर्ड उघडंच आहे.'

'नको, ते चालतंय,' मी म्हणालो. दोनशे रुपये आधीच ठरले होते.

गुरुवारी आबांचा अभंग झाला. काकूंनी घसा साफ केला. मी वजावर बोट ठेवलं आणि एकेक पायरी मोजत उतरलो, ऐटीत, सगळ्यांना दिसेल अशा बेताने. वजा ४. काळी चार. सूर दिला. काकू दोन ओळी गायल्या आणि थांबल्या.

'हे काय हो, किती खाली घेतलंत? तीन महिने वर गाऊन आता आवाज तिथे बसलाय. मागच्यासारखं थोडं वर घ्या की.'

मी अधिक एकदाच दाबलं. आकडा दोनने सरकला. काकू काळी पाचमध्ये सुरू झाल्या आणि तबलेवाल्याने माझ्याकडे बघत हातोडी उचलली.